इंग्रजी कवितेच्या ओळीचं पहिलं अक्षर: कॅपिटल कधी, स्मॉल कधी

देवनागरीत लहान-मोठी अक्षरं नाहीत, त्यामुळे मराठी कविता टाइप करताना हा प्रश्न पडत नाही. तो पडतो मराठी कवितेचा इंग्रजी अनुवाद मासिकाकडे पाठवताना, द्विभाषिक संग्रहाची प्रुफं तपासताना, शाळेच्या फळ्यावर इंग्रजी कविता उतरवताना. जुन्या पिढीला 'पहिली लिपी' आणि 'दुसरी लिपी' म्हणून शिकवली जायची ती ही कॅपिटल आणि स्मॉल अक्षरं. वाक्य सुरू झालं की पहिल्या लिपीतलं अक्षर, एवढा नियम तेव्हा पाठ झालेला असतो. कवितेत मात्र वाक्य अर्ध्यावर असताना ओळ मोडते आणि नव्या ओळीच्या तोंडाशी तरीही कॅपिटल दिसतं. ती चूक नसते. पण प्रत्येक इंग्रजी कवितेत तसं करायलाच हवं, हाही गैरसमजच.

आधी एक गोष्ट पक्की करून घ्या, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. गद्यातलं कॅपिटल वाक्य सुरू झाल्याचं सांगतं, तर जुन्या पद्धतीच्या कवितेतलं कॅपिटल ओळ सुरू झाल्याचं सांगतं. चिन्ह तेच आहे, कामं दोन आहेत. घोटाळे होतात ते एकाच कवितेत दोन्ही कामं मिसळली जातात तेव्हा.

ही रीत आली कुठून

'बेवूल्फ' हे जुनं इंग्रजी काव्य ज्या एकमेव हस्तलिखितात टिकलं, ते साधारण इसवी सन १००० च्या सुमाराचं आहे. त्यात कविता गद्यासारखी, या समासापासून त्या समासापर्यंत सलग लिहिली आहे. आपल्या पोथ्यांसारखंच हे. पोथीतही ओव्या सलग चालतात. ओवी संपली हे कळतं ते दोन दंडांवरून आणि आकड्यावरून. पुढे युरोपात कवितेची प्रत्येक ओळ वेगळी मांडायची पद्धत रुळली आणि ओळीच्या तोंडाशी मोठं अक्षर येऊ लागलं. छापखान्यांनी तोच शिरस्ता चालू ठेवला. स्पॅनिशमध्ये तर कॅपिटल अक्षराचं छापखान्यातलं नावच 'वेर्साल' आहे. कवितेच्या ओळीला तिकडे 'वेर्सो' म्हणतात आणि ओळीच्या सुरुवातीला येणारं अक्षर म्हणून हे नाव पडलं.

१६२३ मध्ये छापलेल्या शेक्सपिअरच्या पहिल्या फोलिओत, म्हणजे त्याच्या नाटकांच्या एकत्रित संग्रहात, हे चिन्ह किती कामाचं आहे ते दिसतं. नाटकात पद्य संवाद आणि गद्य संवाद शेजारी शेजारी येतात. पद्याची प्रत्येक ओळ कॅपिटलने सुरू होते. गद्यात ओळ जागा संपली म्हणून खाली येते, त्यामुळे तिचं पहिलं अक्षर बहुधा लहान असतं. पानावर जागा कमी पडली तर त्या काळचे जुळारी पद्यही गद्यासारखं सलग लावून टाकत, आणि संपादकांचा त्यावरून आजही खल चालतो. तुमच्यासाठी यातून निघणारी सूचना एवढीच: नाटकातला उतारा नोट्समध्ये घेताना आधी तो पद्य आहे की गद्य हे बघा. मोबाइलच्या अरुंद पडद्यावर गद्य संवादही तुटक ओळींत दिसतो. त्याच्या प्रत्येक ओळीला कॅपिटल देऊन बसू नका.

तीन पद्धती, एकाच उदाहरणावर

समजा आपल्याकडे इंग्रजीतल्या या तीन ओळी आहेत. इथे त्या देवनागरीत लिहिल्या आहेत:

द रेन केम लेट
टू द वेल. इन द यार्ड
माय आन्ट काउंटेड पॉट्स.

पहिली पद्धत म्हणजे ओळीगणिक कॅपिटल. यात 'द' चा टी मोठा, 'टू' चा टी मोठा, 'माय' चा एम मोठा. शिवाय दुसऱ्या ओळीच्या मध्यावर नवं वाक्य सुरू होतं, म्हणून 'इन' चा आयही मोठा. एकूण चार कॅपिटल अक्षरं. त्यांतली 'टू' आणि 'माय' यांची कॅपिटलं फक्त ओळीखातर आली आहेत.

दुसरी पद्धत वाक्यागणिक कॅपिटल. इथे फक्त 'द' आणि 'इन' मोठे राहतात. 'टू' आणि 'माय' लहान, कारण तिथे वाक्य चालूच आहे.

तिसऱ्या पद्धतीत सगळंच लहान, एकही कॅपिटल नाही. इथे एक जोडनिर्णय लागतो: पूर्णविराम ठेवायचे की तेही काढायचे? ठेवले तर वाक्याची हद्द विरामचिन्ह सांभाळतं. काढले तर ती सगळी जबाबदारी ओळमोडीवर येते, आणि मग वरच्या उदाहरणातली दुसरी ओळ 'वेल' नंतर मोडावीच लागते. नाहीतर 'वेल इन द यार्ड', म्हणजे 'अंगणातली विहीर', असा भलताच अर्थ लागतो. कॅपिटल काढणं हा नुसता रंगरंगोटीतला बदल नाही, ते अशा ठिकाणी कळतं.

पहिली पद्धत जुन्या कवींची आणि दुसरी-तिसरी आधुनिकांची, ही विभागणी अर्धवट खरी आहे. मिल्टनचं 'पॅराडाइज लॉस्ट' १६६७ चं, ओळीगणिक कॅपिटल असलेलं, पण त्यातली वाक्यं ओळींमागून ओळी ओलांडत जातात. टी. एस. एलियटचं 'द वेस्ट लँड' १९२२ चं, आधुनिकतेचा मैलाचा दगड मानलं जाणारं, तरी ओळीच्या तोंडाशी कॅपिटल. दुसऱ्याच वर्षी, १९२३ मध्ये, विल्यम कार्लोस विल्यम्सचं 'स्प्रिंग अँड ऑल' आलं आणि त्यात ओळी लहान अक्षरांनी सुरू होतात. फिलिप लार्किनने १९६४ च्या 'द व्हिटसन वेडिंग्ज'मध्ये रोजच्या बोलण्यातली भाषा वापरली, पण ओळीचं कॅपिटल सोडलं नाही. ई. ई. कमिंग्जचं नाव 'सगळं लहान' या पद्धतीशी कायमचं जोडलं गेलं आहे, पण त्याच्या कवितांतही कॅपिटल आहे. फक्त ते त्याला हवं तिथे, कधी शब्दाच्या मध्येच, येतं. त्याची कविता टाइप करताना 'सगळं लहानच असणार' असं धरून चाललात तर हमखास चुकाल.

मुंबईच्या निसिम इझिकेल यांची 'नाइट ऑफ द स्कॉर्पिअन' अनेकांनी अभ्यासक्रमात वाचलेली असते. ती दुसऱ्या पद्धतीची आहे. त्या कवितेत शेजाऱ्यापाजाऱ्यांचं आणि आईचं बोलणं अवतरणचिन्हांशिवाय येतं. बोलणं सुरू झालं हे दाखवायला तिथे कॅपिटलच असतं. कोणी 'कविता आहे म्हणून' सगळ्याच ओळींना कॅपिटल देऊन टाकलं, तर ती खूण इतर कॅपिटलांच्या गर्दीत हरवते. अरुण कोलटकरांच्या 'जेजुरी'त तर एकाच इंग्रजी संग्रहात काही कविता संपूर्ण लहान अक्षरांत आणि काही वाक्यागणिक कॅपिटलच्या आहेत. संग्रहभर एकच पद्धत हवी असा काही नियम नाही. एका कवितेत मात्र एकच असावी.

दुसऱ्याची कविता उतरवताना

इथे निवड करायचीच नसते. छापील प्रतीत जे असेल ते जसंच्या तसं. कवीने लहान ठेवलेलं अक्षर 'सुधारायचं' नाही, आणि एमिली डिकिन्सनसारखी ओळीच्या मध्ये आलेली कॅपिटलं 'जुन्या काळची चूक' म्हणून लहान करायची नाहीत.

ओळींचा उतारा लेखात द्यायचा असेल तर लांबी बघा. इंग्रजीत एमएलए शैलीप्रमाणे (मॉडर्न लँग्वेज असोसिएशनच्या लेखननियमांप्रमाणे) तीन ओळींपर्यंतचा उतारा अवतरणचिन्हांत, वाक्याच्या ओघात देतात. दोन ओळींमध्ये तिरकी रेघ, तिच्या दोन्ही बाजूंना एकेक मोकळी जागा. कडवं बदलत असेल तर दोन तिरक्या रेघा. तिरक्या रेघेनंतरचं अक्षर मुळात जसं आहे तसंच ठेवायचं. बरेच जण इथे फसतात, कारण सलग वाक्यात मध्येच आलेलं कॅपिटल डोळ्याला खुपतं आणि हात आपोआप ते लहान करतो. तीनपेक्षा जास्त ओळी असल्या तर नवीन ओळीपासून, डावीकडे अर्धा इंच सोडून, अवतरणचिन्हांशिवाय, कवीच्या मांडणीप्रमाणे द्या.

कवितेला नावच नसेल तर पहिली ओळ शीर्षकासारखी वापरतात. तेव्हा ती ओळ मुळात आहे तशीच लिहायची. शीर्षक म्हणून प्रत्येक शब्दाला कॅपिटल चढवायचं नाही.

इंटरनेटवरून उचललेल्या प्रतीवर विसंबू नका. कोणीतरी ती मोबाइलवर टाइप केलेली असते, आणि मोबाइलने प्रत्येक ओळीला कॅपिटल लावून दिलेलं असतं. ओळखायची सोपी खूण आहे: कवीच्या तीन-चार इतर कविता बघा. तिथे ओळी लहान अक्षराने सुरू होत असतील आणि फक्त या प्रतीत मोठ्याने, तर छापील पुस्तक शोधा.

स्वतःच्या कवितेसाठी किंवा अनुवादासाठी पद्धत ठरवताना

१. मसुदा पूर्ण होऊ द्या. पहिल्या चार ओळींवर निर्णय घेऊ नका.

२. प्रत्येक ओळीचा शेवट तपासा. ओळ संपताना आवाज थांबतो का? पूर्णविराम, अर्धविराम, स्वल्पविराम किंवा अर्थाचा स्वाभाविक ठहराव असेल तर बरोबरची खूण करा. वाक्य पुढे सांडत असेल तर बाण काढा.

३. खुणा मोजा. चौदा ओळींत दहाच्या आसपास बरोबरच्या खुणा असतील, शिवाय यमक किंवा मात्रांचा ठेका असेल, तर ओळीगणिक कॅपिटल शोभतं. डोळा जिथे थांबतो तिथेच ते येतं. बाण निम्म्याहून जास्त असतील तर वाक्यागणिक कॅपिटल घ्या. हा अंदाजाचा नियम आहे, मोजपट्टी नव्हे. मिल्टन आणि लार्किन दोघेही तो मोडतात, पण त्यांची ओळ इतकी घट्ट बांधलेली असते की कॅपिटल अंगावर येत नाही.

४. एकेका शब्दाच्या ओळी असतील तर पहिली पद्धत टाळा. 'अँड', 'ऑफ', 'अ' असले शब्द ओळीत एकटे आणि वर कॅपिटलचे, हे दृश्य नाटकी वाटतं.

५. ओळीच्या सुरुवातीला येणारे शब्द नावं म्हणूनही वाचता येतात का, ते पाहा. इंग्रजीत विल, मार्क, रोज, ग्रेस, होप, मे हे सगळे नेहमीचे शब्द आहेत आणि नावंही. ओळीगणिक कॅपिटल असेल तर 'मे' हा महिना की 'होवो' अशा अर्थाचं क्रियापद, हे पहिल्या अक्षरावरून कळणार नाही. एकदा शंका आली तर शब्द ओळीच्या आत सरकवा. तीन-चार ठिकाणी येत असेल तर पद्धतच बदला.

६. भक्तिकवितेचा अनुवाद असेल तर सर्वनामांचा निर्णय आधी घ्या. अभंगातला 'तो' विठ्ठल आहे हे दाखवायला काही अनुवादक इंग्रजी 'ही' ला ओळीच्या मध्येही कॅपिटल देतात, काही देत नाहीत. दोन्ही चालतं. पण ओळीगणिक कॅपिटल असेल तर ओळीच्या तोंडाशी आलेला 'ही' देवाचा की माणसाचा, हे अक्षरावरून ठरतच नाही. अभंगात 'तो', 'तू', 'तुझे' वारंवार चरणाच्या सुरुवातीला येतात. म्हणून सर्वनामाच्या कॅपिटलने देव दाखवायचा असेल तर वाक्यागणिक पद्धतच घ्या. नाहीतर निम्मे देव दिसतील आणि निम्मे दडतील.

७. तिसरी पद्धत निवडलीत तर अपवाद कागदावर लिहून काढा. 'मी' या अर्थाचा एकटा आय लहान की मोठा? विशेषनामं? वार आणि महिने? एकही अपवाद नाही असं ठरवलं तर पंढरपूर, चैत्र, सोमवार, तुकाराम सगळेच लहान. एक जरी अपवाद ठेवला तर तो कवितेभर पाळा.

वाक्यागणिक पद्धतीतही काही कॅपिटलं सुटत नाहीत: आय, माणसांची आणि गावांची नावं, वार, इंग्रजी आणि मराठी महिने, भाषांची नावं, वारकरी किंवा महानुभाव यांसारखी पंथनामं. 'अभंग', 'ओवी', 'तुळस', 'वारी' हे मात्र सामान्य नाम म्हणून लहानच बरे. मराठी शब्द आहे म्हणून त्याला मान द्यायला कॅपिटल, ही सवय अनुवादांत फार दिसते. परका शब्द दाखवायचाच असेल तर तिरका ठसा आहे.

संगणकाशी झटापट

पद्धत ठरली तरी संगणक आणि मोबाइल ती मोडायला टपलेले असतात. एंटर दाबलं की नवं वाक्य सुरू झालं, अशी त्यांची समजूत असते.

मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये फाइल, ऑप्शन्स, प्रूफिंग, ऑटोकरेक्ट ऑप्शन्स असं जा आणि 'कॅपिटलाइज फर्स्ट लेटर ऑफ सेंटेन्सेस' वरची खूण काढा. लिब्रेऑफिसमध्ये टूल्स मेनूत ऑटोकरेक्ट ऑप्शन्स आणि तिथल्या ऑप्शन्स टॅबवर वाक्याच्या पहिल्या अक्षराची खूण आहे. गूगल डॉक्समध्ये टूल्स, प्रेफरन्सेस आणि 'ऑटोमॅटिकली कॅपिटलाइज वर्ड्स'. अँड्रॉइडवरच्या जीबोर्डमध्ये टेक्स्ट करेक्शनखाली ऑटो-कॅपिटलायझेशन, तर आयफोनवर सेटिंग्ज, जनरल, कीबोर्डमध्ये त्याच नावाचं बटण. कविता संपली की हवं तर पुन्हा चालू करा.

सेटिंग बदलायचं नसेल तर वर्डमध्ये अक्षर आपोआप मोठं झाल्या क्षणी कंट्रोल आणि झेड दाबा. फक्त ती दुरुस्ती मागे जाते, तुमचा शब्द राहतो. एकटा लहान आय मोठा होण्यावरही हाच उतारा. ती दुरुस्ती वेगळ्या खात्यातली असल्याने वाक्याची खूण काढली तरी ती बहुधा चालूच राहते.

ओळ मोडायला एंटर की शिफ्ट-एंटर? शिफ्ट-एंटरने संपूर्ण कडवं एकाच परिच्छेदात राहतं. कडव्यांमधली जागा परिच्छेदाच्या सेटिंगमधून देता येते, रिकाम्या ओळी घालाव्या लागत नाहीत. दोन अडचणी आहेत. परिच्छेद दोन्ही समासांना लावलेला, म्हणजे जस्टिफाय केलेला असेल, तर शिफ्ट-एंटरने मोडलेल्या ओळी ताणल्या जातात आणि शब्दांमध्ये भगदाडं पडतात. म्हणून कविता नेहमी डावीकडे लावलेली ठेवा. दुसरी अडचण लांब ओळींची आहे, आणि ती जरा सविस्तर समजून घेण्यासारखी आहे.

पानाच्या रुंदीत न मावलेल्या ओळीचा उरलेला भाग खाली येतो. तो नवी ओळ नव्हे, त्याच ओळीचं शेपूट. वॉल्ट व्हिटमनसारख्या लांब ओळींच्या कवीत हे पानोपानी घडतं. ओळीगणिक कॅपिटल असेल तर वाचक गोंधळत नाही: मोठ्या अक्षराने सुरू झाली ती ओळ, लहानाने सुरू झालं ते शेपूट. वाक्यागणिक किंवा सगळं लहान असेल तर हा आधार जातो, आणि शेपूट स्वतंत्र ओळ म्हणून वाचलं जातं. तेव्हा शेपूट आत सरकवलंच पाहिजे. वर्डमध्ये परिच्छेदाच्या चौकटीत 'स्पेशल' खाली 'हँगिंग' निवडा आणि अर्धा इंच द्या. पण हँगिंग हे परिच्छेदाची पहिली ओळ सोडून बाकी सगळ्यांना आत ढकलतं. कडवं शिफ्ट-एंटरने एकाच परिच्छेदात असेल तर दुसरीपासूनच्या साऱ्या ओळी आत जातील. लांब ओळींच्या कवितेत म्हणून प्रत्येक ओळ एंटरने वेगळा परिच्छेद करा, परिच्छेदाच्या आधीची आणि नंतरची जागा शून्य करा, आणि मग हँगिंग लावा. आखूड ओळींना शिफ्ट-एंटर, लांब ओळींना एंटर, असं लक्षात ठेवलं तरी भागतं.

शेपूट कधीही कॅपिटलने सुरू करू नका, पद्धत कोणतीही असो. अपवाद फक्त आय, विशेषनाम किंवा तिथेच सुरू होणाऱ्या वाक्याचा.

एका पद्धतीतून दुसरीत नेताना

जुना अनुवाद ओळीगणिक कॅपिटलमध्ये आहे आणि आता वाक्यागणिक करायचा आहे, ही नेहमीची वेळ. सगळा मजकूर निवडून शिफ्ट आणि एफ३ दाबायचा मोह होतो. ते बटण निवडलेल्या मजकुराचं रूप एकगठ्ठा बदलतं. त्यात विशेषनामंही लहान होतात आणि मग ती एकेक करून शोधत बसावी लागतात. त्यापेक्षा हातानेच करा. चाळीस ओळींच्या कवितेला फार वेळ लागत नाही.

मूळ फाइलची प्रत ठेवा. कवितेतल्या विशेषनामांची यादी बाजूला लिहा. मग वरून खाली जा आणि प्रत्येक ओळीच्या पहिल्या शब्दाला तीन प्रश्न विचारा: आधीची ओळ पूर्णविराम, प्रश्नचिन्ह किंवा उद्गारचिन्हाने संपली का? हा शब्द यादीत आहे का? इथे कोणाचं बोलणं सुरू होतं का? तिन्हींचं उत्तर नाही असेल तर अक्षर लहान करा. उद्गारचिन्हापाशी जरा थांबा. 'ओ!' सारख्या उद्गारानंतर वाक्य तसंच पुढे चालू असेल तर पुढचं अक्षर लहानही चालतं.

मूर्त केलेल्या कल्पना सगळ्यांत शेवटी तपासा. 'डेथ', 'टाइम', 'लव्ह' ओळीच्या मध्ये कुठे कॅपिटलने आले असतील तर कवीने त्यांना व्यक्ती मानलं आहे, म्हणजे ओळीच्या तोंडाशीही ते मोठेच राहतील. मध्ये लहान असतील तर तोंडाशीही लहान करा. इंग्रजीतून मराठीत येताना हे कॅपिटल आणायला कुठलीही टंकयुक्ती नाही, आणि ठळक अक्षर हा उपाय तर नाहीच. मराठीत काळ, मृत्यू यांना व्यक्ती करायचं ते संबोधनाने, क्रियापदाने, 'तो आला, बसला' अशा वागण्याने.

तपासणी उलटी करा: शेवटच्या ओळीपासून पहिलीकडे, फक्त पहिला शब्द बघत. वरून खाली वाचताना अर्थ डोळ्याला ओढून नेतो आणि राहिलेलं कॅपिटल दिसत नाही.

शेजारच्या पानावर मराठी असेल तेव्हा

द्विभाषिक पुस्तकात डावीकडे देवनागरी, उजवीकडे इंग्रजी असं मांडतात. देवनागरीची डावी कड शिरोरेषेमुळे एकसारखी दिसते. समोर ओळीगणिक कॅपिटलची इंग्रजी आली की तिची डावी कड जड होते आणि नजर उगाच तिकडे खेचली जाते. आधुनिक मराठी कवितेसमोर वाक्यागणिक पद्धत म्हणूनच जास्त बरी दिसते. वृत्तबद्ध किंवा यमकबद्ध अनुवाद असेल तर प्रश्न वेगळा.

समतोल साधायला मराठी ओळीचं पहिलं अक्षर मोठं किंवा रंगीत करायची कल्पना कोणीतरी हमखास काढतं. ओळीगणिक ते करूच नका. कवितेच्या अगदी सुरुवातीला शोभेचं मोठं अक्षर हवंच असेल तर अख्खं जोडाक्षर मात्रांसकट घ्या: 'स्त्री' हा एक घटक, 'प्री' हा एक घटक. संगणकात 'कि' हे आधी क आणि मग वेलांटी असं साठवलेलं असतं. फक्त पहिलं चिन्ह निवडलं तर वेलांटी सुटी पडते किंवा ठिपक्यांच्या वर्तुळावर बसते. ओवी-अभंगाला तर स्वतःची खूण आहेच: अर्ध्यावर एक दंड, शेवटी दोन दंड आणि आकडा. दंड म्हणून इंग्रजी कळफलकावरची उभी रेघ वापरू नका. युनिकोडमध्ये दंड ०९६४ वर आणि दुहेरी दंड ०९६५ वर आहे. मराठी कळफलकातून तेच उमटतात.

रोमन लिपीत मराठी: इथे कॅपिटल उच्चार बदलतं

परदेशातल्या मंडळांत मुलांसाठी आरत्या आणि अभंग रोमन लिपीत छापून देतात. साध्या, बोलीसारख्या रोमन लेखनात ओळीच्या तोंडाशी कॅपिटल असलं काय नि नसलं काय. पण मजकूर आयट्रान्स पद्धतीने, म्हणजे देवनागरीचा प्रत्येक वर्ण साध्या रोमन कळफलकावरून लिहायच्या पद्धतीने, लिहिला असेल तर सावध राहा. त्या पद्धतीत लहान आणि मोठं अक्षर हे दोन वेगळे वर्ण आहेत. लहान टी म्हणजे त, मोठा टी म्हणजे ट. लहान डी म्हणजे द, मोठा ड. लहान एन न, मोठा ण. लहान एल ल, मोठा ळ. मोठा एम हा अनुस्वार आणि मोठा एच हा विसर्ग.

मोबाइलने ओळीचं पहिलं अक्षर आपोआप मोठं केलं की 'देवा' चं 'डेवा' होतं, 'नको' चं 'णको', 'तुका' चं 'टुका'. 'शब्द' चा पहिला एस मोठा झाला तर तो 'षब्द'. 'हरि' तर विसर्गानेच सुरू होतो. हा मजकूर परत देवनागरीत वळवला की चुका थेट छापल्या जातात, आणि मूळ टाइप करणाऱ्याला आपण काय चुकलो ते कळतही नाही. म्हणून आयट्रान्समध्ये कॅपिटलची कोणतीही काव्यपद्धत लावायची नाही. ओळ मोडणं पुरेसं आहे. तोंडाशी कॅपिटल हवंच असेल तर आयएसओ १५९१९ सारखी, अक्षरांखाली टिंब आणि वर रेघ देणारी पद्धत घ्या. तिथे ट चं टिंब मोठ्या अक्षराखालीही तसंच राहतं, त्यामुळे त आणि ट यांची सरमिसळ होत नाही.

मासिकाकडे पाठवताना वर्डच्या फाइलबरोबर पीडीएफही जोडा, आणि पत्रात एक ओळ लिहा: कॅपिटल वाक्यागणिक आहे, किंवा ओळीगणिक, किंवा मुद्दाम कुठेच नाही. 'मुद्दाम' हा शब्द गाळू नका. तो नसला की मुद्रितशोधक आपलं काम चोख करतो आणि सगळी अक्षरं मोठी होऊन येतात.